पुष्कळ म्हणजे किती?

(नभोवाणीवरील भाषण)

“यंदासारखा उकाडा पूर्वीं कधीं झाला नव्हता,” हें वाक्य मुंबईंत दर वर्षीं वैशाखांत ऐकूं येतें. गिरगांवांतल्या चाळीच्या गॅलरींत तें ऐकूं येतें, दादरच्या हिंदू कॉलनींत ऐकूं येतें, आणि परळला बसच्या रांगेंत उभें राहिलें तरी तें कानावर पडतें. बोलणारा माणूस खोटें बोलत नसतो. त्याला तसें खरोखरच वाटत असतें. परंतु मागच्या वैशाखांतहि आपण असेंच म्हटलें होतें, हें तो विसरलेला असतो. उकाड्याची आठवण पहिल्या सरीबरोबर वाहून जाते. खरें काय तें ज्याला पाहावयाचें असेल, त्याला शेवटीं कुलाब्याच्या वेधशाळेची वहीच उघडावी लागते.

श्रोतेहो, आज मला आपल्याशीं अशा वह्यांविषयीं बोलावयाचें आहे. निसर्गाचा जमाखर्च वर्षानुवर्षें मांडीत बसण्याच्या ह्या उद्योगाला शास्त्रज्ञ दीर्घकालीन परिसर-संशोधन म्हणतात. नांव मोठें असलें तरी काम साधें आहे. एकच जागा निवडावयाची, एकच रीत ठरवावयाची, आणि तींच निरीक्षणें दहा, वीस, पन्नास वर्षें पुनःपुन्हां करीत राहावयाचें. हें काम कंटाळवाणें आहे, खर्चाचें आहे, आणि तें चालू असतां “ह्याचा उपयोग काय?” असें कोणीं विचारलें तर करणाऱ्याला बहुधा उत्तर देतां येत नाहीं. तरीहि तें कां करावें, हें मी मुंबईशीं संबंध असलेल्या कांहीं गोष्टींवरून सांगणार आहें.

पहिली गोष्ट कुलाब्याचीच घेऊं. तेथील वेधशाळा १८२६ सालीं उभी राहिली, आणि १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें तेथें नियमानें होऊं लागलीं. पुढें मुंबईच्या रस्त्यांवर विजेच्या ट्रॅमगाड्या आणण्याचें घाटूं लागलें. विजेचा प्रवाह जवळून खेळूं लागला कीं चुंबकाची नाजूक सुई भलतेंच कांहीं सांगूं लागणार, हें उघड होतें. तेव्हां वेधशाळेचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस ह्यांनीं खाडीपलीकडे अलिबागेस नवी जागा पसंत केली आणि सुईला बाधा होणार नाहीं अशा बेतानें, लोखंड टाळून, तेथें इमारत बांधविली. १९०४ सालीं अलिबागचें काम सुरू झालें. पण कुलाब्याचें काम त्यांनीं लगेच बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत, दोन वर्षें, दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें घेतलीं, जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशीं सांगड घातली, आणि मगच जुनी जागा सोडली. हीं दोन वर्षें वरवर पाहतां दुप्पट खर्चाचीं होतीं. परंतु तेवढा धागा तुटता, तर आधींच्या साठ वर्षांची वही एकीकडे आणि पुढची वही दुसरीकडे पडली असती. तो तुटला नाहीं, म्हणून कुलाब्याची मालिका अलिबागेस आजहि पुढें चालू आहे.

ही झाली पृथ्वीच्या जड अंगाची गोष्ट. जिवंत सृष्टीचा हिशेब ह्याहून अवघड असतो, कारण तिच्यांत एकाचें जगणें दुसऱ्याच्या जगण्यांत गुंतलेलें असतें. ह्याचा कडू अनुभव मुंबईनें १८९६ सालच्या प्लेगांत घेतला. मांडवीपासून पसरलेल्या त्या साथीनें लोक शहर सोडून पळाले, घरांचीं छपरें उघडून टाकण्यांत आलीं, सामान जाळण्यांत आलें; परंतु रोग एका घरांतून दुसऱ्या घरांत जातो कसा, हें कोणालाच निश्चित ठाऊक नव्हतें. १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें उंदराच्या अंगावरील पिसू हें ह्याचें कारण असल्याचें सांगितलें. पण त्याच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाहीं. कल्पना खरी असली तरी तिच्या पाठीशीं पुरेसे आकडे नव्हते.

ते आकडे परळला जमले. परळच्या जुन्या गव्हर्मेंट हाउसमध्यें १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. पुढें १९२५ सालीं तिलाच हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. १९०५ पासून तेथें प्लेगच्या शोधाचें काम पद्धतशीर सुरू झालें. शहराच्या निरनिराळ्या भागांतून पकडलेले आणि मेलेले उंदीर तेथें येत. प्रत्येकाची जात कोणती, तो कोठें सांपडला, त्याला प्लेग होता कीं नव्हता, हें लिहून ठेवण्यांत येई. पिसवा मोजल्या जात. हें काम कोणाला सांगण्यासारखें होतें असें नाहीं. परंतु ऋतुमागून ऋतु हे आकडे एकाखालीं एक बसत गेले, तेव्हां रोगाची चाल कागदावर दिसूं लागली. आधीं गटारांतील मोठे करडे उंदीर मरत, मग कांहीं दिवसांनीं घरांतील काळे उंदीर, आणि त्यानंतर घरांतील माणसें. ज्या महिन्यांत पिसवा माजत, त्याच महिन्यांत प्लेगहि भडके. तेथें केलेल्या प्रयोगांनीं पिसवेचा दोष सिद्ध झाला. पण साथ केव्हां येणार आणि तिच्या आधीं काय घडणार, हें ज्ञान एकट्या प्रयोगानें मिळण्याजोगें नव्हतें. तें मोजणीनें मिळालें.

आतां मी ज्या गोष्टीकडे येणार आहें, तिचें बीज ह्याच शहरांत ह्याच्याहि आधीं पेरलें गेलें होतें. १८८३ सालच्या सप्टेंबरच्या १५ तारखेस भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ एकत्र जमले. त्यांत सहा इंग्रज होते आणि दोघे आपले डॉक्टर होते : प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. पशुपक्षी, किडेमुंग्या आणि झाडेंझुडपें ह्यांविषयीं आपण जें पाहिलें तें एकमेकांस सांगावें, एवढाच त्यांचा हेतु होता. त्यांतून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था निघाली. १८८६ पासून तिची पत्रिका प्रसिद्ध होऊं लागली. अमुक पक्षी अमुक ठिकाणीं दिसला, अमुक सापाच्या पोटांत अमुक निघालें, अशा बारीकसारीक नोंदींनीं त्या पत्रिकेचे जुने अंक भरलेले आहेत. ते चाळतांना एखाद्यास हसूंहि येईल. परंतु त्याच संस्थेंत खेतवाडींत जन्मलेल्या सालिम अलींसारखा माणूस तयार झाला, आणि त्याच संस्थेनें पुढें भरतपूरला दहा वर्षांचा वसा घेतला.

भरतपूरचें केवलादेव हें पाणपक्ष्यांचें विख्यात ठिकाण. १९८० ते १९९० अशीं दहा वर्षें संस्थेचे संशोधक तेथें राहिले. पाणी किती, गवत किती, मासे किती, पक्षी किती, हें त्यांनीं ऋतूंमागून ऋतु मोजलें. मधल्या काळांत एक दुःखद घटना घडली. तेथें राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ सालीं म्हशींची चराई बंद करण्यांत आली. आसपासच्या गांवकऱ्यांनीं विरोध केला, गोळीबार झाला, आणि त्यांत माणसें मेलीं. म्हशी आंत शिरल्या तर पक्ष्यांचें नुकसान होतें, ही समजूत तेव्हां सर्वमान्य होती. निसर्गरक्षणाची कळकळ असणाऱ्यांचेंहि मत चराई बंद व्हावी असेंच होतें. परंतु संशोधकांच्या वहीनें निराळेंच सांगितलें. म्हशी गेल्या आणि पाण्यांत एका जातीचें गवत बेसुमार माजलें. मोकळें पाणी झांकलें गेलें, आणि त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांचें नुकसान झालें. म्हशी शत्रु नव्हत्या. त्या तळीं मोकळीं ठेवण्याचें काम फुकट करीत होत्या.

एकाच वर्षाचा अभ्यास असता तर हें कधींच कळलें नसतें. पहिल्या वर्षीं गवत वाढलेलें पाहून लोकांना आनंदच झाला असता. दहा वर्षें मोजल्यामुळें मत बदलावें लागलें, आणि तें बदललें हें संशोधकांनीं आपल्या अहवालांत मोकळेपणानें लिहिलें. आपली चूक आपल्याच आकड्यांनीं सिद्ध करून दाखविणें हें सर्वांना साधतें असें नाहीं. परंतु ही मोजणी चराई बंद करण्याच्या आधीं झाली असती, तर कदाचित् त्या माणसांचे प्राण वांचले असते, हा विचार मनाला चाटून गेल्याशिवाय राहत नाहीं.

ह्याच दहा वर्षांत तेथें आणखी एक मोजणी झाली, आणि तिचें महत्त्व त्या वेळीं कोणाच्याहि लक्षांत आलें नव्हतें. डॉ. विभु प्रकाश हे तेथें शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत. त्यांत त्यांनीं गिधाडांचीं घरटींहि मोजलीं. गिधाडें त्या काळीं इतकीं होतीं कीं तीं मोजण्यांत काय अर्थ, असें कोणीहि विचारलें असतें. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीं घरटीं तेव्हां केवलादेवांत साडेतीनशेंच्या घरांत भरलीं. १९९६ च्या सुमारास ते पुन्हां तेथें गेले, तेव्हां निम्मीं घरटीं रिकामीं होतीं. झाडांवर पक्षी माना खालीं टाकून बसलेले होते, आणि खालीं मेलेलीं गिधाडें पडलेलीं होतीं. शतक संपतां संपतां तेथील गिधाडें जवळजवळ नाहींशीं झालीं.

हा एका ठिकाणचा प्रकार कीं साऱ्या देशाचा? ह्या प्रश्नालाहि उत्तर मिळालें तें जुन्या वहीमुळेंच. १९९० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत संस्थेनें उत्तर आणि मध्य हिंदुस्थानांतील रस्त्यांनीं गाडीनें जाऊन शिकारी पक्ष्यांची गणती केलेली होती. त्याच रस्त्यांनीं, त्याच रीतीनें २००० सालीं आणि पुढें पुनःपुन्हां गणती करण्यांत आली. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक एवढींच उरलीं होतीं. लांब चोंचीच्या आणि बारीक चोंचीच्या गिधाडांचीहि शंभरांत सत्त्याण्णवच्या जवळपास घट झाली होती.

कारण २००४ सालीं प्रसिद्ध झालें. पाकिस्तानांत मेलेल्या गिधाडांची तपासणी करतांना असें आढळलें कीं, गुरांना वेदना कमी होण्यासाठीं देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामीं करतें. औषध दिलेलें जनावर मेलें आणि गिधाडांनीं तें खाल्लें कीं थोड्याच दिवसांत तीं मरत. शेंकडों गिधाडें एकाच मढ्यावर जेवतात. म्हणून शंभरांतील एखादें मढें दूषित असलें तरी साऱ्या जातीचा नाश व्हावयास तेवढें पुरे होतें. २००६ सालीं आपल्या सरकारनें गुरांसाठीं हें औषध बंद केलें. त्याच्या जागीं मेलॉक्सिकॅम हें निरुपद्रवी औषध मिळालें. २०२३ सालीं आणखी दोन तशाच घातक औषधांवर बंदी आली. पुढच्या गणत्यांत घट मंदावलेली दिसली. बंदीचा उपयोग झाला कीं नाहीं, हें सुद्धां त्याच रस्त्यांवरून पुन्हां गेल्यामुळेंच समजलें.

आतां क्षणभर आपल्या मुंबईकडे वळूं. मलबार हिलवरील डुंगरवाडीवर घिरट्या घालणारीं गिधाडें गिरगांवांतल्या गच्चीवरून पाहिलेले वृद्ध लोक अजून आपल्यांत आहेत. पारशी बांधवांच्या अंत्यविधीचा तीं एक भागच होतीं. शेंकडों वर्षांची ती रीत गिधाडें गेल्यामुळें अडली, आणि प्रेतांसाठीं सूर्याचे किरण एकवटणारीं यंत्रें तेथें बसवावीं लागलीं. तीं गिधाडें किती होतीं, असें त्या वृद्धांना विचारून पाहा. “पुष्कळ होतीं,” असें ते म्हणतील. पुष्कळ म्हणजे किती? पन्नास कीं पांचशें? केव्हांपासून कमी झालीं? ह्याचें उत्तर आठवणींतून निघत नाहीं. आणि आज त्याच गच्चीवर खेळणाऱ्या मुलाला आकाशांत कांहीं उणें आहे असें वाटतहि नाहीं, कारण त्यानें तें भरलेलें कधीं पाहिलेंच नाहीं. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणचें जग हेंच मूळचें जग असें धरून चालते. थोडें थोडें नाहींसें होत गेलेलें म्हणून कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, गिधाडें गेलीं तर जावोत. त्या कुरूप पक्ष्यांवांचून आपलें काय अडलें? अडलें तें असें : मढीं उघड्यावर पडून राहूं लागलीं, त्यांवर भटकीं कुत्रीं वाढलीं, आणि पाण्यांत घाण मिसळूं लागली. २०२४ सालीं दोन अर्थशास्त्रज्ञांनीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणें २००० ते २००५ ह्या काळांत गिधाडें नाहींशीं झाल्यामुळें आपल्या देशांत सुमारें ५ लाख माणसें अधिक मेलीं. हा अंदाज करावयास सुद्धां, गिधाडें कोठें होतीं आणि कोठें नव्हतीं, हें आधीं ठाऊक असावें लागलें.

श्रोतेहो, ह्या कामाविरुद्ध एक आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. ज्या देशांत दवाखान्यांना आणि शाळांना पैसा पुरत नाहीं, तेथें घरटीं मोजण्यांत तो कां घालवावा? ह्याला माझें उत्तर असें कीं, परळचे उंदीर मोजणें हेंहि एके काळीं असेंच निरर्थक वाटण्यासारखें होतें. कोणत्या वहीची गरज कोणत्या वर्षीं लागेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें १८४३ पासून त्याच शेतांत प्रयोग चालू आहेत, आणि दर वर्षींचें धान्य, गवत व माती ह्यांचे नमुने बरण्यांत भरून ठेवलेले आहेत. अणुबाँब कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता तेव्हां ही रीत सुरू झाली. आणि पुढें अणुस्फोटांची धूळ कोणत्या वर्षीं किती पडली, हें शोधणाऱ्यांना त्याच बरण्या उपयोगी पडल्या. बरणी भरणाऱ्यानें एवढेंच पाहिलें होतें कीं एकहि वर्ष चुकूं नये.

अडचण पैशापेक्षां मुदतीची अधिक आहे. संशोधनाला पैसा मिळतो तो बहुधा तीनचार वर्षांचा, आणि विचारावयाचा प्रश्न असतो तीस वर्षांचा. माणूस निवृत्त होतो, वही कपाटांत जाते, आणि पुढचा माणूस नवी रीत सुरू करतो. असें झालें कीं दोन वह्या हातीं असूनहि तुलना करतां येत नाहीं. २०१५ सालीं केंद्र सरकारनें अशा दीर्घ निरीक्षणांची एक योजना जाहीर केली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अशा योजनेची परीक्षा पहिल्या वर्षीं होत नसते. ती विसाव्या वर्षीं होते.

ही परीक्षा आपल्या दाराशींहि चालू आहे. लालबाग-परळहून थोडें पूर्वेस गेलें कीं शिवडीची खाडी लागते. ओहोटीच्या वेळीं तेथें जी चिखलाची जमीन उघडी पडते, तिच्यावर हिंवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्याच शिवडीपासून खाडीपलीकडे जाणारा मोठा पूल २०२४ च्या जानेवारींत वाहतुकीस खुला झाला. ह्या पुलाच्या परिसरांतील पक्ष्यांचें दहा वर्षें निरीक्षण करण्याचें काम बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें २०१८ पासून हातीं घेतलें, आणि २०२२ सालीं सहा रोहित पक्ष्यांच्या अंगावर त्यांचा ठावठिकाणा कळविणारीं छोटीं यंत्रें बसविलीं. पुलानें पक्ष्यांचें काय झालें, ह्याविषयीं आज पुष्कळ लोक पुष्कळ बोलतात. कोणी म्हणतात, पक्षी आतां येणार नाहींत. कोणी म्हणतात, त्यांना कांहींच झालें नाहीं. मला वाटतें, ह्या बाबतींत घाईनें बोलण्यापेक्षां दहा वर्षें पुरीं होऊं देणें आणि तोंवर ती मोजणी खंड न पडतां चालेल इकडे लक्ष ठेवणें, हें आपल्यासारख्या नागरिकांचें काम आहे.

आणि आणखी एक लहानसें काम आपल्या प्रत्येकाच्या हातांतलें आहे. आपल्या घरांत दूधवाल्याचा हिशेब लिहिण्याची वही असते. तिच्याच शेजारीं दुसरी एक वही ठेवा. आपल्या खिडकींतून दिसणारें एक झाड निवडा. त्याला पालवी केव्हां फुटली, मोहोर केव्हां आला, कोकिळा पहिल्यांदां कोणत्या तारखेस ओरडली, चिमण्या किती आल्या, हें लिहा. तारीख आणि जागा विसरूं नका. “पुष्कळ” असें लिहूं नका, आकडा लिहा. ज्या दिवशीं कांहींच दिसलें नाहीं, त्या दिवशीं “कांहीं दिसलें नाहीं” असेंहि लिहा, कारण पुढें वाचणाराला त्याचीच सर्वांत अधिक गरज पडण्याचा संभव असतो. आणि वही आपल्या हातून सुटावयाची वेळ आली कीं ती घरांतल्या एखाद्या मुलाच्या अथवा मुलीच्या हातीं द्या, आणि आपली रीत त्यांना समजावून सांगा.

भायखळ्यास जमलेल्या त्या आठ गृहस्थांपुढें डायक्लोफेनॅक नव्हतें, शिवडीचा पूलहि नव्हता. आपल्या नोंदींतून शंभर वर्षांनीं कोणतें संकट ओळखलें जाणार आहे, ह्याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनीं फक्त जें दिसलें तें लिहून ठेवण्याची रीत घालून दिली. त्या रीतीचें फळ आपण खाल्लें. पुढें येणाऱ्यांसाठीं ती चालू ठेवणें हें आतां आपल्याकडे आहे.